पाळणाघर टाळण्याचा सोपा हिशेब

दसरा-दिवाळी आटोपली की बीड, धारूर, वडवणीकडून ट्रक भरायला लागतात. तुम्ही ऊसतोडीला टोळ्या नेणार असाल आणि कुणी पाळणाघराचा कायदा पुढं केलाच, तर घाबरू नका. आधी मोजायला शिका.

2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात पाळणाघर घातलं. 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की ते हवंच, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं. पण तुमच्याकडं माणसं आहेतच कुठं? तुमच्याकडं कोयते आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा आला तर अर्धा. 80 माणसांचे झाले 40 कोयते. मिटला विषय. एखादा साहेब फारच खोलात शिरला तर म्हणा, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणंल, कारखान्याची. कारखाना म्हणंल, आमचा संबंध उसाशी. पाळणा तसाही अधांतरीच असतो.

दर्जाचं विचारलं तर बिनधास्त उसाच्या फडात घेऊन जा. 1948 च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराला पुरेसा उजेड, खेळती हवा आणि प्रशिक्षित बाई लागायची. उजेड सूर्याचा. हवा इतकी खेळती की पहाटे चारला पाचटावर टाकलेली गोधडी उडून जाते. बैलगाडीच्या दांडीला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत आठ महिन्यांचं लेकरू, आणि झोका द्यायला त्याची बहीण, वय वर्षे सात. प्रशिक्षण म्हणाल तर तिच्या हाताखालून धाकटी दोन आधीच गेलीत. (तिच्या शाळेचं विचारू नका. विषय पाळणाघराचा चाललाय.)

कुणी अंगणवाडी काढली तर सांगा, नाव आहे की गावाकडं. 1975 पासून योजना चालूय, हजेरीपटही आहे. खाऊ गावात, लेकरू सांगलीला, एवढाच काय तो फरक.

राहिल्या आईच्या चार फेऱ्या. त्यात तर तुम्ही कायद्याच्या कितीतरी पुढं आहात. मोळी डोक्यावर घेऊन ती गाडीकडं निघते तेव्हा वाट झोळीवरूनच जाते, दिवसातून चाळीसदा तरी. फक्त तिला थांबू देऊ नका, मागची मोळीवाली खोळंबते.