वीस मिनिटं, पण कुठून मोजायची?
एव्हरेस्ट बेस कॅम्प ट्रेकवरच्या एका लेखात नेपाळमधल्या रामेछाप ते लुक्ला (ट्रेक सुरू होतो ते डोंगरातलं गाव) हा विमानप्रवास '२० मिनिटांचा' म्हटलाय. घड्याळात बरोबर आहे हो. पण काठमांडूहून रामेछाप गाठायला रात्री दीडला जीपमध्ये कोंबतात, वळणं घेत चार-पाच तास, ते कोण मोजणार? त्यात लुक्ल्याला ढग उतरले की सगळं ठप्प. आम्ही सकाळी सहापासून दुपारपर्यंत सॅकवर बसून घरचे शेंगदाण्याचे लाडू संपवले. लुक्ल्याची धावपट्टी अवघी ५२७ मीटर, तीही चढाची, म्हणजे उतरल्यावर चढावरच वेग मरतो. शेजारचे काका डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, अर्धी झाली तोवर टेकलो! जाणार असाल तर दोन दिवस जादा धरा, आणि परतीचं मुंबईचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका.