तांबी बसवायला जाताय? मग आधी शहाण्यासारखं दुखायला शिका

तर तुमचं ठरलंय. कॉपर टी म्हणजे आपली तांबी, किंवा ती हार्मोनवाली, जी काय असेल ती. निर्णय उत्तम आहे, हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये, वर्षभरात 100 बायकांत एकीलाही दिवस जात नाहीत इतकी ती भरवशाची, एकदा बसवली की कित्येक वर्षं रोज गोळीची आठवण ठेवायला नको, आणि नको झाली की काढून टाकता येते. प्रश्न फक्त ती बसवायच्या त्या पाच-दहा मिनिटांचा आहे. आणि त्या मिनिटांत तुम्ही कशा वागता यावरून तुम्ही बाई म्हणून किती समजूतदार आहात ते ठरणार आहे, तेव्हा जरा नीट वाचा.

पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. घाबरलं की जास्त दुखतं असं तुम्हाला सगळे सांगतील, आणि गंमत म्हणजे ते खरंच आहे, ज्या आधीपासून टेन्शनमध्ये असतात त्यांना जास्त दुखतं असं अभ्यासांत दिसलेलं आहे. आता एखाद्या साध्याभोळ्या माणसाला वाटेल की अच्छा, म्हणजे आधी हे टेन्शन कमी करायला हवं, काय काय करणार ते समजावून सांगायला हवं, कुणाला सोबत आत येऊ द्यायला हवं, फारच भीती असेल तर त्याची वेगळी गोळी द्यायला हवी. छे हो. त्याचा खरा अर्थ एवढाच की दुखलं तर चूक तुमची. तुम्ही घाबरलात म्हणून दुखलं, आणि घाबरलात का, तर दुखेल म्हणून. एकदम गोल युक्तिवाद आहे, कुठेच टोक नाही, त्यामुळे तो बोलणाऱ्याला कधी टोचत नाही.

दुसरं, आत नक्की काय करणार हे विचारायचं नाही. मी इथे सांगते, पण तुम्ही हा परिच्छेद सोडून पुढे जा कसं. आधी स्पेक्युलम घालतात, तो थंडगार असतो, त्याने आतली जागा उघडी ठेवायची. मग गर्भपिशवीचं तोंड हलू नये म्हणून ते टेनॅक्युलम नावाच्या अणकुचीदार चिमट्याने पकडतात, हो, पकडतात म्हणजे टोकं रुतवूनच. मग साउंड नावाची सळई आत घालून पिशवीची खोली मोजायची, ती साधारण 6 ते 9 सेंटिमीटर भरते. आणि मग नळीतून ती टी आत सरकवायची, वर पोचली की तिचे हात उघडतात, नळी बाहेर, टीला बांधलेला दोरा थोडा ठेवून कापला, संपलं. म्हणजे दुखायच्या निदान तीन वेगवेगळ्या जागा झाल्या, आणि तुम्हाला काय सांगितलेलं असतं, तर "एक चिमटा बसल्यासारखं वाटेल". चिमटा हे मात्र अगदी शब्दशः खरं आहे, त्यात फसवणूक नाही.

जाता जाता त्या टेनॅक्युलमचं सांगते. त्याच्या एका प्रसिद्ध प्रकाराला सॅम्युएल पोझी या फ्रेंच सर्जनचं नाव आहे. माणूस भारी देखणा होता, 1881 मध्ये सार्जंट या चित्रकाराने लाल झग्यातलं त्याचं मोठ्ठं चित्र काढलं, आणि 1918 मध्ये ऑपरेशनवर नाराज असलेल्या एका पेशंटने त्याला गोळ्या घालून मारलं. पेशंट पुरुष होता. बायका असलं काही करत नाहीत, बायका कपडे नीट करतात, "थँक्यू डॉक्टर" म्हणतात आणि रिक्षात बसून रडतात.

असो. तुम्हाला जर कुणी म्हणालं की गर्भपिशवीच्या तोंडाला नसाच नसतात, तर वाद घालू नका. कित्येक वर्षं लोक असंच मानत आलेत, त्यामुळे तुम्हाला जे काय दुखलं ते त्या हिशोबाने दुखलेलंच नाही. प्रत्यक्षात पिशवीच्या तोंडाच्या संवेदना खालच्या मणक्यातल्या नसांमधून जातात आणि पिशवीच्या वरच्या भागाच्या संवेदना त्याहून बऱ्याच वरच्या मणक्यांमधून, म्हणजे शरीराने दोन-दोन लाइनी टाकून ठेवल्यात. पण हे आपल्याला कळून काय करायचंय.

आता बाळंतपणाचा प्रश्न. हा तुम्हाला विचारला जाणारच, आणि उत्तर काही दिलं तरी तुम्ही हरणार. झालं असेल तर "अहो दोन मुलं काढलीत, याचं काय घेऊन बसलात". नसेल झालं तर "एवढं सहन होत नाही, मग बाळंतपण कसं करणार?" हा प्रश्न अशा बाईला विचारतात जी बाळंतपण होऊ नये म्हणूनच पैसे भरून त्या टेबलावर झोपलेली आहे. इथे हसायचं नाही, पोट हलतं. खरं तर ज्यांचं नॉर्मल बाळंतपण झालेलं नसतं त्यांना जास्त दुखण्याची शक्यता असते, पाळीत ज्यांना फार दुखतं त्यांनाही, म्हणजे कुणाला जास्त काळजीने हाताळायचं हे आधी दोन प्रश्न विचारले तरी बरंचसं कळू शकतं. पण तेच दोन प्रश्न पेशंटला गप्प करायला वापरता येत असताना माहिती काढायला कशाला वाया घालवायचे?

मग येते ती गोळी. "येताना एक पेनकिलर घेऊन या." ही गोळी अवश्य घ्या, तिच्यामुळे सगळ्यांना बरं वाटतं, मुख्यतः देणाऱ्याला. 2006 मध्ये चिलीतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, 2000 वर बायका, पहिल्यांदाच तांबी बसवणाऱ्या, काहींना आयबुप्रोफेन 400 आणि काहींना नुसती दिसायला गोळी, आणि बसवतानाच्या दुखण्यात काही फरक पडला नाही. नंतर घरी गेल्यावर ज्या कळा येतात त्याला अशा गोळ्यांचा उपयोग होतो, नॅप्रोक्सेनचा थोडा जास्त, ते वेगळं. पण चिमटा लावायच्या क्षणाला ती गोळी म्हणजे देवाला नारळ, फोडला की मन शांत. पिशवीचं तोंड मऊ करायची मिसोप्रोस्टॉल पण कुणी कुणी देतात, ती सरसकट सगळ्यांना देऊ नका असं आता स्पष्ट सांगितलेलं आहे, कारण दुखणं तर कमी होत नाहीच, वर मळमळ आणि कळा फुकट.

आणि आता ज्याबद्दल चुकूनही विचारायचं नाही ते. जागा बधिर करायचं औषध. तेच ते लिग्नोकेन, दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढायच्या आधी टोचतात ते. ते जेल, क्रीम किंवा स्प्रे म्हणून पिशवीच्या तोंडाला लावता येतं, किंवा तोंडाच्या बाजूने इंजेक्शन देता येतं, त्याला पॅरासर्व्हायकल ब्लॉक म्हणतात. नुसत्या जेलचे निकाल सगळीकडे सारखे नाहीत, पण इंजेक्शनने, विशेषतः मूल न झालेल्या बायकांत, दुखणं कमी झालेलं दिसलंय. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या सूचनांत लिहिलं की हे औषध उपयोगी पडू शकतं आणि दुखण्याबद्दल प्रत्येक बाईशी आधी बोला. मे 2025 मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एसीओजीने, पण सांगितलं की बधिर करण्याचे पर्याय समोर ठेवा. तांब्याची टी निघाली 1960 च्या दशकाच्या शेवटी, तेव्हा पन्नास-पंचावन्न वर्षांत कळलं म्हणजे फार उशीर झाला असं काही म्हणता येणार नाही, घाईत निर्णय घेऊ नयेत.

तरी तुम्ही विचारलंतच, तर उत्तरं तयार आहेत, पाठ करून जा म्हणजे तिथे वाईट वाटणार नाही. "इंजेक्शन पण दुखतंच ना." दुखतं, थोडं, मग दाढ पण तशीच काढू या का? "त्याने पूर्ण बधिर होत नाही." हे खरं आहे, पिशवीच्या वरच्या भागाला त्याचा तितका उपयोग नाही, ती दुसरी लाइन सांगितली ना मगाशी, पण अर्धं दुखणं कमी होत असेल तर पूर्ण दुखू द्यायचं हे गणित मला अजून कळलेलं नाही. "वेळ जातो." जातो, औषध चढायला काही मिनिटं थांबावं लागतं. आणि सगळ्यात लाडकं, "बाकी कुणी मागत नाही." न मागणाऱ्यांना असं काही असतं हे माहीतच नाही, पण तो तपशील झाला.

पुरुषांच्या नसबंदीत मात्र आधी जागा बधिर करतात, करायची का यावर चर्चासुद्धा होत नाही, कुणी त्यांना सांगत नाही की खोल श्वास घ्या आणि समुद्रकिनाऱ्याचा विचार करा. त्यांची कातडी पातळ असते बहुतेक. (बधिर करतात हे बरोबरच करतात. माझं म्हणणं फक्त एवढंच की ते औषध कपाटात होतं तर.)

आवाजाचं काय करायचं? ओरडू नका, बाहेर बसलेल्या घाबरतील. 2021 मध्ये बीबीसीच्या निवेदिका नागा मंचेट्टी यांनी रेडिओवर स्वतःचा अनुभव सांगितला, त्या इतक्या ओरडल्या होत्या की बाहेर बसलेला नवरा कुठल्या खोलीतून आवाज येतोय ते शोधायला निघाला, आणि त्या दोनदा बेशुद्ध पडल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये ढीगभर बायका बोलायला लागल्या, ज्या आधी वर्षानुवर्षं "ठीक होतं" म्हणत होत्या. बघा, एकीने शिस्त मोडली की काय होतं.

आणि गप्प राहायचा फायदा केवढा आहे! 2014 मध्ये एक अभ्यास आला, तांबी बसवताना बाईला किती दुखलं हे तिने 100 च्या पट्टीवर सांगायचं आणि बसवणाऱ्याने पण आपला अंदाज सांगायचा. बायकांचा आकडा सरासरी 65 च्या आसपास, बसवणाऱ्यांचा 35 च्या. मधले 30 कुठे गेले? ते तुम्ही दात आवळून गिळले. आता सगळ्यांनाच तेवढं दुखतं असं नाही हं, काहींना खरंच पाळीच्या कळेइतकं वाटतं आणि त्या उठून ऑफिसला जातात, त्यांचंही खरं आहे, फक्त त्यांचा अनुभव म्हणजे तुमच्यासाठी नियम नव्हे, पण तोच तुम्हाला ऐकवला जाईल.

चक्कर येणार असेल तर कृपया टेबलावरच येऊ द्या. पिशवीच्या तोंडाला धक्का लागला की काहींचे ठोके आणि बीपी एकदम खाली येतात, घाम फुटतो, डोळ्यापुढे अंधारी. तो नाटकीपणा नसतो, शरीराचा रिफ्लेक्स असतो, पण तो आला की तुम्ही "नाजूक" म्हणून फाइलमध्ये जाता. तेव्हा उपाशीपोटी जाऊ नका आणि झाल्या झाल्या टुणकन उठू नका, पडून राहा, पुढचा पेशंट दाराशी उभा असला तरी.

"थांबा" हा शब्द शक्यतो वापरू नका. तो म्हणता येतो, आणि म्हटल्यावर थांबायलाच हवं, मधूनसुद्धा, परत कधीतरी बधिर करून किंवा गुंगी देऊन करता येतं, मोठ्या हॉस्पिटलात तशी सोय असते. पण मग सिस्टर सुस्कारा टाकेल. एका सुस्काऱ्यापुढे तुमच्या पिशवीची ती काय किंमत!

घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी घ्या, काही दिवस थोडं रक्त जाईल, कळा येतील, तोपर्यंत ठीक. पण ताप आला, घाण वासाचं पाणी जायला लागलं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं किंवा दोरा हाताला लागेनासा झाला तर मात्र माझे हे टोमणे बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा, साधारण 20 जणींत एकीची तांबी आपोआप सरकून बाहेर येते, आणि हजारात एक-दोघींच्या पिशवीला बसवताना भोक पडतं, तिथे समजूतदारपणा कामाचा नाही.

बाकी कुणी विचारलं कसं झालं तर "काही नाही, कळलं पण नाही" म्हणायचं. विशेषतः जिची पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट आहे त्या मैत्रिणीला तर खरं बिलकुल सांगू नका, उगाच घाबरेल. आणि कोणते डॉक्टर आधी इंजेक्शन देतात हे कळलं असेल तर ते मुळीच बोलू नका, तिकडे गर्दी होईल.