गादी घालवायचीय? मग पंगत बंद करा

तुम्ही राजे असाल (नसाल तरी वाचा, उद्याचं कोणी बघितलंय) आणि गादीचा कंटाळा आला असेल, तर आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाका, की त्यासाठी जुलूम वगैरे करावा लागतो. काही गरज नाही हो. जुलमी राजे मेले वर्षानुवर्षं टिकतात. तीन दिवसांत काम उरकायचं असेल तर फ्रान्सच्या लुई फिलिपचा क्लास लावा. माणूस साधा, बायकापोरांत रमणारा, काखेत छत्री मारून पॅरिसमध्ये फिरणारा, भेटेल त्याच्याशी हात मिळवणारा. १८३० ला आला, फेब्रुवारी १८४८ मध्ये गेला, आणि निमित्त काय तर एक जेवणावळ.

सुरुवात मात्र नीट करा. स्वतः क्रांतीच्या खांद्यावर बसूनच या. आधीच्या दहाव्या चार्ल्सने जुलै १८३० मध्ये वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या, नुकतीच निवडून आलेली सभा बरखास्त केली, वर मतदारही कमी केले, लोकांनी रस्त्याचे दगड उपटून बॅरिकेडं उभी केली आणि तीन दिवसांत त्याचा कारभार आटोपला. खुर्ची रिकामी दिसली की तुम्ही पॅरिसच्या नगरभवनाच्या बाल्कनीत फ्रेंच क्रांतीचा तिरंगा घेऊन उभं राहायचं, शेजारी त्या जुन्या क्रांतीतले लोकांचे लाडके म्हातारे जनरल लाफायेत, त्यांनी मिठी मारली, खाली टाळ्या पडल्या, झालात राजे. टायटलपण बदलून घ्या, ‘फ्रान्सचा राजा’ नको, ‘फ्रेंचांचा राजा’, ऐकायला बरं वाटतं. फक्त ज्या दगडांवरून चढून आलो ते अजून रस्त्यातच आहेत हे विसरायचं.

मग मतदार. देशात साडेतीन कोटी लोक, त्यातले मत देणारे अडीच लाखाच्या आत ठेवा. वर्षाला २०० फ्रँक थेट टॅक्स भरणाराच शहाणा, बाकी सगळे येडे. कुणी कुरकुर केलीच तर तुमचे मंत्री गिझो आहेतच, त्यांचं उत्तर ठरलेलं : कष्ट करा, बचत करा, श्रीमंत व्हा. म्हणजे मत पाहिजे तर आधी बंगला बांध. हे गिझो साधेसुधे नाहीत हां, इतिहासाचे प्रोफेसर, इंग्लंडातल्या क्रांतीवर जाडजूड ग्रंथ लिहिलेला माणूस, म्हणजे राजाचं मुंडकं कसं उडतं हे सनावळीसकट पाठ. असाच मंत्री नेमा, त्याला सगळं माहीत असतं आणि उपयोग शून्य.

सभागृहात चाळीस टक्क्यांच्या आसपास मेंबर सरकारी नोकरच भरा. पगार तुमचा, प्रमोशन तुमच्या हातात, हात वर करायला सांगितला की करतात बिचारे. १८४६ ची निवडणूक तर असली दणदणीत जिंकली म्हणता की विचारू नका. विरोधक मागत होते ते काय, तर २०० ची अट १०० वर आणा आणि नोकरांना सभागृहातून बाहेर काढा. राज्य नव्हते मागत. पण मेजॉरिटी असताना ऐकायचं कशाला?

बाकी कामं देवावर सोडा. १८४५ ला बटाटा सडला, १८४६ ला गहू बुडाला, पाव महागला, मग रेल्वेच्या शेअरचा फुगा फुटला आणि कामं बंद. त्यातच एक माजी मंत्री मिठाच्या खाणीच्या लाचेत सापडला, एका ड्यूकने बायकोचा खून करून खटल्याआधीच विष घेतलं. आणि चित्रकारांना सोडू नका. फिलिपों नावाच्या संपादकाने तर १८३१ मध्ये कोर्टातच राजाचा चेहरा चार टप्प्यांत काढत नाशपाती करून दाखवला आणि म्हणाला, आता नाशपातीवरपण केस टाका! (फ्रेंचमध्ये ‘नाशपाती’ म्हणजे बावळटही होतो.) भिंतीभिंतीवर नाशपात्या आल्या. तुम्ही १८३५ मध्ये कायदा करून व्यंगचित्रांना सेन्सॉर लावा, म्हणजे ज्यांना नाशपाती माहीत नव्हती त्यांनाही कळेल.

आता मुख्य विषय, जेवण. वीसच्या वर माणसं जमवून राजकारणाचं मंडळ चालवायला परवानगी लागत होती, म्हणून विरोधकांनी डोकं लढवलं, आम्ही मीटिंग नाही घेत बुवा, आम्ही जेवतोय. ९ जुलै १८४७ ला पॅरिसच्या शातो रूज बागेत पहिली पंगत बसली, हजाराच्या वर पानं. मग गावोगावी अशा सत्तरेक पंगती झाल्या, तिकीट काढायचं, जेवायचं, ग्लास उंच करून भाषण ठोकायचं, परत ग्लास, परत भाषण, आणि काही ठिकाणी तर राजाच्या नावाचा ग्लास बरोब्बर विसरायचा. बरं, जेवणारे कोण, तर वकील, डॉक्टर, दुकानदार, खाऊनपिऊन सुखी लोक. चार घास पोटात गेले की ही जमात घरी जाऊन झोपते. म्हणून तुम्ही काय करायचं, डिसेंबरच्या भाषणात त्यांना ‘आंधळे किंवा वैरी’ म्हणायचं आणि २२ फेब्रुवारीची पॅरिसची पंगत बंद करायची. आपल्याकडे शत्रूलाही पानावरून उठवू नये म्हणतात, ते उगाच नाही.

गंमत बघा, बंदी आल्यावर पुढारी घाबरले आणि आदल्या रात्री त्यांनीच कार्यक्रम रद्द केला. पण पब्लिकला कोण सांगणार? भर पावसात विद्यार्थी आले, कामगार आले, ज्यांना त्या जेवणाचं तिकीट कधी परवडलंच नसतं ते सगळे आले.

दुसऱ्या दिवशी नॅशनल गार्ड, म्हणजे नागरिकांची पलटण, बोलवा. हे तुमच्या गादीचे रखवालदार, स्वतःच्या पैशाने युनिफॉर्म शिवलेले दुकानदार, आणि यातल्या बहुतेकांना मत नाही. तेच ओरडायला लागले, ‘गिझो हटाव, सुधारणा झिंदाबाद’. मग तुम्ही घाबरून गिझोला काढा, अठरा महिने उशिरा. लोकांनी खिडक्यांत दिवे लावले, वाटलं मिटलं.

त्या रात्री कापुसीन बुलेव्हारवर, परराष्ट्र खात्यासमोर, सैनिकांची एक रांग आणि दिवट्या घेतलेला जमाव समोरासमोर आला आणि गोळी सुटली. पन्नासेक माणसं पडली. त्यातली प्रेतं गाडीवर घालून दिवट्यांच्या उजेडात रात्रभर पॅरिसभर फिरवली. इथे मला विनोद सुचत नाही.

सकाळी दीड हजार बॅरिकेडं. चौऱ्याहत्तर वर्षांचे तुम्ही युनिफॉर्म चढवून घोड्यावर बसून गार्डची पाहणी करायला जा, समोरून ‘सुधारणा!’ ऐकू आलं की घोडा वळवून घरी या, आणि नऊ वर्षांच्या नातवाच्या नावाने राजीनामा लिहा, सावकाश, आजूबाजूचे कितीही घाई करोत. सुनेने पोराला सभागृहात नेईपर्यंत लोक आत घुसलेले असतील आणि संध्याकाळी प्रजासत्ताक. तुमची घोडागाडी निघेल ती काँकॉर्द चौकातून, तिथेच १७९३ मध्ये तुमच्या वडिलांचं मुंडकं उडवलं होतं, तेव्हा फार इकडेतिकडे बघू नका. सिंहासन लोक उचलून नेतील बास्तीय चौकात आणि जाळतील ते नेमकं त्या स्तंभापाशी, जो १८३० च्या शहिदांसाठी तुम्हीच बांधला होता.

(त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकडे साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज वारले, कंपनी सरकारने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. ना पंगत, ना बॅरिकेड, नुसता कागद. पण ती पद्धत वेगळी, तिला जनता लागत नाही.)

शेवटचं प्रॅक्टिकल. गालमिशा काढून टाका, चष्मा चढवा, आणि ल हाव्र बंदरात इंग्रज कॉन्सल भेटेल त्याच्याबरोबर ‘मिस्टर स्मिथ’ म्हणून बोटीत बसा, नाव लक्षात राहायला सोपं आहे. राहायची काळजी नको, लंडनजवळ क्लेअरमाँट नावाचा वाडा आहे, तुमचे जावई बेल्जियमचे राजे, त्यांच्याच ताब्यातला. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये म्हणतात खरं, पण गादी गेल्यावर एवढं चालतं.