नवोपक्रमी नागरिक व्हायचंय? घ्या, फुकटचा सल्ला

गेल्या रविवारी मला पण ‘नागरिक सहभागातून सामाजिक नवोपक्रम’ असल्या वर्कशॉपचं बोलावणं होतं, म्हणजे गावाचे प्रश्न सोडवायला लोकांकडनंच नव्या आयडिया मागायच्या. जाऊन आलो, शहाणा झालो. तुम्हाला पण बोलावतील, तर तयारी करून जावा.

गटार तुंबलंय असं म्हणायचं नाही, तक्रारखोर ठरता. ‘ड्रेनेजमध्ये कम्युनिटी ओनरशिप’ म्हणा, पहिल्या रांगेत खुर्ची.

रंगीत चिठ्ठ्यांवर मोठ्या अक्षरात लिहा, फोटोत दिसलं पाहिजे.

तक्रारीच्या सरकारी ॲपचं मात्र कौतुक करायचंच. मी आमच्या गल्लीतल्या गटाराची तक्रार टाकली, टोकन नंबर आला, म्हटलं नाद खुळा, आणि लगेच मेसेज, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया रेटिंग द्या’, सोबत चकाचक गटाराचा फोटो, फक्त त्या गटाराशेजारी नारळाचं झाड, आणि आमच्या गल्लीत झाड सोडा, कुंडी ठेवायला जागा नाही! परत टाकली तर ‘डुप्लिकेट तक्रार’. फोन केला तर म्हणे, सिस्टिमला क्लोज दाखवतंय. अहो सिस्टिमला दाखवतंय, पण पाणी माझ्या उंबऱ्याला लागलंय त्याचं काय? आणि वर्कशॉपमध्ये सादरीकरण कशाचं, तर याच ॲपचं, निराकरणाचे टक्के, टाळ्या. मी हात वर केला तर मॅडम गोड हसून म्हणाल्या, सर, हा मुद्दा आपण ‘पार्किंग लॉट’मध्ये ठेवूया, म्हणजे आत्ता नको, नंतर बघू. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला जन्मात पार्किंग मिळालं नाही, इथं एका मिनिटात.

नाश्ता चांगला असतो, लवकर जावा.

आणि जुनं काही काढू नका, मूड जातो लोकांचा. म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, पावसाळा सरला की पाणी अडवायला बरगे म्हणजे फळ्या घालायच्या, पाऊस तोंडावर आला की काढायच्या, एवढंच, पण अख्ख्या राज्यानं उचलला. लोगो नव्हता बिचाऱ्याला. शाहू महाराजांनी 1902 ला मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखल्या तेव्हा नुसता हुकूम काढून थांबले नाहीत, कुणाला नेमलं त्याचा तक्ता दर तिमाहीला पाठवा असं खातेप्रमुखांना बजावलं. आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं की बाकीच्या गावांनी पण असं करावं. म्हणजे गावानं केलेलं सरकारला उचलता येतं की, मनात असलं तर!

मग आमचंच घोडं कुठं अडतंय? 2019 आणि 2021 च्या पुरात तालमी-मंडळांची पोरं पाण्यात उतरली तेव्हा कुणी त्यांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या का? आम्ही सांगून सांगून दमलो, तुम्ही सरकारी लोक ऐकून घेता, फोटो काढता आणि सही करायची वेळ आली की साहेब मिटिंगला. लाज वाटू दे जरा. याच राज्यानं 1977 ला रोजगार हमीचा कायदा केला, मागितल्यावर 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्या, असं लिहून ठेवलं त्यात. तसं ॲपला पण लिहा, खोटं क्लोज केलं तर करणाऱ्याच्या पगारातनं कापणार. तेवढं जमत नसंल तर आमचा रविवार खाऊ नका, आणि आयडिया तर अजिबात मागू नका.