ट्रॅकवरचे इंजिन ऑइल: ‘जितके थंड तितके सुरक्षित’ हे खरे नाही

ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. त्याचा आशय असा: इंजिन ऑइल जितके थंड तितके इंजिन सुरक्षित, १०० अंश सेल्सिअस ओलांडले की ऑइल जळू लागते, म्हणून मिळेल तो सर्वांत मोठा ऑइल कूलर बसवावा, नेहमीपेक्षा जाड ऑइल भरावे आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आहे तोवर निर्धास्तपणे लॅप मारावेत. यातल्या प्रत्येक वाक्यात सत्याचा थोडा अंश आहे आणि म्हणूनच तो पटकन पटतो. पण तो जसाच्या तसा पाळला, तर ज्या बेअरिंगना (इंजिनातले फिरते भाग ऑइलच्या थरावर पेलणाऱ्या आधारांना) वाचवायचे त्यांनाच धोका पोहोचतो, असे माझे मत आहे.

आधी १०० अंशांचे पाहू. या आकड्याला महत्त्व आहे, पण ते नेमके उलट्या कारणाने. ऑइलचा ग्रेड, म्हणजे ते किती जाड याची श्रेणी, ठरवताना गरम ऑइलचा घट्टपणा (व्हिस्कॉसिटी) याच तापमानाला मोजतात. ३० ग्रेडचे ऑइल म्हणजे १०० अंशांवर साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) घट्टपणा असणारे ऑइल. म्हणजे १०० अंश ही धोक्याची रेषा नसून ऑइलचे नेहमीचे कामाचे तापमान आहे. ऑइलच्या वाफा पेट घेऊ शकतील असे तापमान तर २०० अंशांच्याही वर असते. ट्रॅकवर सम्पमधले (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यातले) चांगले सिंथेटिक ऑइल ११० ते १३० अंशांदरम्यान राहणे अनेक गाड्यांत सामान्य आहे. याचा अर्थ उष्णतेने काहीच बिघडत नाही असा नाही: तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइलच्या ऑक्सिडेशनचा (हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते खराब होण्याचा) वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. शिवाय सम्पमधला आकडा सरासरीचा असतो. पिस्टन रिंगांजवळचे ऑइल त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. म्हणून १३० ओलांडल्यावर वेग आवरता घेणे आणि असे दिवस काढल्यानंतर ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलणे योग्यच आहे. १०५ दिसताच घाबरून पिटमध्ये शिरण्याचे मात्र कारण नाही.

‘जितके थंड तितके सुरक्षित’ हा या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग आहे. ५डब्ल्यू-३० ऑइलचा घट्टपणा ४० अंशांवर साधारण ६५ सेंटिस्टोक आणि १०० अंशांवर ११ च्या आसपास असतो, म्हणजे जवळपास सहापट फरक. अशा घट्ट ऑइलवर इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांपर्यंत ताणले, की पंपापुढचा दाब इतका वाढतो की जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरेचसे ऑइल बेअरिंगपर्यंत न पोहोचताच परत फिरते, आणि फिल्टरला वळसा घालणारा बायपास उघडला तर उरलेले ऑइल न गाळताच पुढे जाते. गेजवर दाब भरपूर दिसतो, चालकाला बरे वाटते, आणि प्रत्यक्षात प्रवाह कमी असतो. त्यात पाण्याचीही भर पडते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते; त्यातला थोडा भाग रिंगांमधून निसटून सम्पमध्ये उतरतो, आणि ऑइल पुरेसे तापले तरच तो आणि त्यासोबत आलेले इंधन वाफ होऊन बाहेर पडते. कायम ७० अंशांवर ठेवलेल्या ऑइलला ही संधी मिळतच नाही. ऑइल ८० अंशांच्या वर येईपर्यंत इंजिनावर पूर्ण भार टाकू नये, हा नियम मी कुठल्याही कूलरपेक्षा मोलाचा मानतो.

कूलरला माझा विरोध नाही. सलग लॅप मारणाऱ्या बऱ्याच गाड्यांना तो लागतोच. पण थर्मोस्टॅट (ऑइल तापेपर्यंत ते कूलरकडे न जाऊ देणारी झडप) नसलेला अवाढव्य कूलर ऑइलला तापूच देत नाही, लांब नळ्या आणि अरुंद जोड दाब खातात, आणि रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला कूलर आपली उष्णता कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, ढकलतो. कूलरच्या आकाराइतकेच हवेला त्यातूनच जायला भाग पाडणारे बंदिस्त डक्ट आणि हवा बाहेर पडायची वाट महत्त्वाची असते.

जाड ऑइलचा सल्ला काही परिस्थितीत बरोबर आहे. ४० ग्रेडचे ऑइल १२० अंशांवर साधारण तेवढेच पातळ असते जेवढे ३० ग्रेडचे ११० अंशांवर, म्हणजे एक ग्रेड चढल्याने सुमारे १० अंशांची मोकळीक मिळते. मात्र घट्ट ऑइल स्वतःच जास्त घर्षण आणि जास्त उष्णता निर्माण करते. म्हणून आधी तापमान व दाब मोजावा, उत्पादकाने मान्य केलेल्या ग्रेडांतच निवड करावी, आणि अंदाजाने दोन-तीन ग्रेड वर जाऊ नये.

आता काट्याकडे वळू, कारण सर्वाधिक लोक इथेच फसतात. डॅशवरचा काटा कूलंटचा असतो, ऑइलचा नव्हे. अनेक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे कूलंटचे तापमान बऱ्याच अंशांनी हलले तरी तो मध्यावरच उभा राहतो. सकाळी कूलंट तापून काटा जागेवर येतो तेव्हा ऑइल अजून मागेच असते; आणि सलग वेगवान लॅपनंतर, थर्मोस्टॅट व रेडिएटर कूलंटला आवरून धरत असताना, पिस्टनच्या पोटाखालची आणि बेअरिंगमधली उष्णता झेलून ऑइल चढतच जाते. दोन्ही वेळा काटा एकच गोष्ट सांगतो. म्हणून ऑइलसाठी वेगळा सेन्सर हवा, आणि तो सम्पमध्ये आहे की कूलरनंतर, हे ठाऊक असायला हवे, कारण या दोन जागांच्या आकड्यांची तुलना होत नाही.

या सल्ल्यात दाबाचा उल्लेखच नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते. लांब वळणात ऑइल सम्पच्या एका बाजूला सरकून पंपाच्या तोंडात हवा शिरली, तर ऑइल ९० अंशांवर असले तरी बेअरिंग काही क्षणांत खराब होऊ शकते. पातळी वरच्या खुणेपर्यंत ठेवावी, त्यापुढे नाही, कारण जादा ऑइल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते. वळणात दाब पडताना दिसला तर उपाय सम्पमधल्या बॅफलचा (ऑइलला एका बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या पत्र्यांचा) आहे, कूलरचा नाही.

तापमान चढू लागले, तर काही लॅप एक गिअर वर ठेवून इंजिनाच्या फेऱ्या कमी कराव्यात. ऑइलमधली उष्णता फेऱ्यांबरोबर झपाट्याने वाढते, त्यामुळे एवढ्यानेही बहुधा ऑइलचे तापमान खाली येते. शेवटचा लॅप सावकाश मारावा, आणि टर्बो गाडी पिटमध्ये येताच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेले ऑइल तिथेच करपणार नाही.