कान तुटलेला कप

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात मागच्या दाराशी एक देवळी होती. तिच्यात कान तुटलेला एक कप असायचा, भांडीवाल्या मावशींचा. चहा झाला की त्यांनीच तो विसळून तिथं पालथा घालायचा.

सातवीत असताना मी आज्जीला विचारलं, वेगळा कप का? म्हणाली, त्यांचे हात कुठंकुठं लागतात. म्हटलं, आपली सगळी भांडी त्याच घासतात की! मग म्हणाली, खोकला असतो त्यांना. मावशी दुपारी विड्या वळायच्या, तंबाखूच्या धुळीचा खोकला तो. आपल्याला कसा लागेल? शेवटी आज्जी चिडली, "तसं करत नसतात!"

आज्जी दुष्ट नव्हती हो. मावशींच्या मुलीच्या लग्नात तिनं स्वतःचं नवंकोरं इरकल दिलं होतं. पण कप वेगळाच.

जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं २००१ साली मांडलं, की चांगलं-वाईट आपण बहुतेक वेळा आधी मनातल्या भावनेनं ठरवतो आणि कारणं मागाहून गोळा करतो. वाचताना मला आज्जीच दिसली. किळस ही किळस आहे असं आपल्याला कळतच नाही, ती रीत वाटते. विटाळ, ओवळं, ओंगळ... घाण आणि पाप आपण एकाच शब्दात बांधून ठेवलंय. १९२७ साली महाडला माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली, तर ते तळं शेण-गोमूत्रानं "शुद्ध" केलं गेलं! तिथं कुठला युक्तिवाद चालणार होता?

आणि मी? आज्जी गेल्यावर मावशींना आमच्या कपात चहा दिला. त्या गेल्यावर तोच कप दोनदा घासला. डोक्याला सगळं पटलेलं होतं, हाताला नव्हतं. ती लाज अजून जात नाही, आणि जाऊही नये.

म्हणून "भावना बाजूला ठेवून विचार करा" हे मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरला, विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला उपोषणाला बसले, ते १० मेला सुटलं. समतेचे मुद्दे लोकांनी तोवर ऐकलेलेच होते. माझ्या मते गुरुजींनी लोकांना आतून लाजवलं. किळस हटवायला तितकीच तीव्र भावना लागते.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मी कप पुढं केला तेव्हा मावशींनी हात मागं घेतला. देवळीकडं बघत म्हणाल्या, "राहू दे बाळा, माझा आहे की तिथं."