मावशी, कडी राहू दे

परवा मावशीचा फोन आला. "अगं, त्या सुभेदाराच्या गोष्टीचा शेवट बदलतेय. तो रात्री उठून तीन-तीनदा दाराची कडी बघतो ना, ते काढून टाकते. आपण उगीच रडगाणी लिहितो बघ." शाळेतून निवृत्त झाल्यावर लिहायला लागलेली बाई, वाचनालयाच्या अंकासाठी कशीबशी एक कथा पुरी केली, आणि आता हे. कुणी डोक्यात भरवलं म्हणून विचारलं, तर वाचनालयाच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा मजकूर: 'मराठी लेखकांनो, इस्रायलकडून शिका!'

त्यात म्हटलंय की एका माणसाने मेलेली हिब्रू जिवंत केली. तिथे सगळे फक्त हिब्रूतच बोलतात, लिहितात. तिथली प्रत्येक कथा देशाचं मनोबल वाढवते, सैन्याबद्दल वाकडा शब्द कुणी लिहीत नाही आणि शाळेत मुलांना शौर्यकथाच शिकवतात. खाली जोडलेले हात आणि दोन झेंडे.

मनोबलाचंच आधी घेते, कारण मावशीला लागलं ते तेच.

एस. यिझहार हा इस्रायली लेखक, देशाच्या जन्मावेळच्या १९४८च्या युद्धात प्रत्यक्ष असलेला माणूस, गुप्तवार्ता अधिकारी. राष्ट्र जन्मून जेमतेम वर्ष उलटलं होतं तेव्हा, १९४९ साली, त्याने 'खिरबेत खिझे' ही दीर्घकथा छापली. इस्रायली सैनिकांची एक तुकडी एका अरब गावात शिरते आणि म्हातारेकोतारे, बायका, पोरं ट्रकमध्ये भरून हाकलून देते, एवढीच गोष्ट. सांगणारा त्याच तुकडीतला. पोराचा हात धरून ताठ मानेने ट्रककडे चाललेली एक बाई त्याला दिसते, आणि निर्वासितपण म्हणजे काय हे ज्यूंना कुणी सांगायला नको, हे त्याच्या लक्षात येतं. मग या लेखकाचं काय झालं? तुरुंग? तो त्याच वर्षीपासून पहिल्या क्नेसेटचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, सदस्य होता, सत्ताधारी पक्षाकडून. पुढे १९६४ पासून ती कथा शाळांच्या अभ्यासक्रमात ऐच्छिक म्हणून आली. हो, शाळांच्या.

सगळं गोडीगुलाबीने झालं असंही नाही. १९७८ साली त्या कथेवरच्या चित्रपटाचं प्रसारण शिक्षणमंत्र्यांनी रोखलं. तेव्हा तिथल्या दूरचित्रवाणीच्या कर्मचाऱ्यांनी निषेध म्हणून तेवढा वेळ पडदा काळा ठेवला. चित्रपट नंतर दाखवला गेलाच. बातम्यांवर तिथे लष्करी सेन्सॉर आजही आहे. म्हणजे दडपायची हौस सरकारला तिथेही आहे; लेखक मात्र टाळ्या वाजवत बसलेले नाहीत.

हे जुनं झालं म्हणाल, तर आजच्या इस्रायली लेखकाची, एत्गार केरेतची 'सायरन' ही कथा घ्या. होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, त्याच्या स्मृतिदिनी तिथे भोंगा वाजतो आणि हमरस्त्यावरच्या मोटारीसुद्धा थांबतात, माणसं खाली उतरून दोन मिनिटं उभी राहतात. सैन्यात पडलेल्यांच्या स्मृतिदिनीही तसंच. केरेतच्या गोष्टीत शाळेतली दोन दांडगी पोरं सायकल चोरतात. त्यातला एक नौदलाच्या कमांडो तुकडीत जायच्या बेतात असलेला. आपला निवेदक जाऊन सांगतो, चुगलखोर ठरतो आणि मार खायची वेळ येते. तेवढ्यात भोंगा वाजतो. मारणारे ताठ उभे राहतात आणि हा पोरगा त्यांच्या समोरून चालत घरी निघून जातो! ज्या पवित्र क्षणी सगळ्यांनी स्तब्ध राहायचं, त्या क्षणाचा आडोसा घेऊन सटकणारा नायक. ही कथा तिथे शालान्त परीक्षेच्या साहित्याच्या अभ्यासक्रमात आहे. मजकूर लिहिणाऱ्याने कुठली शौर्यकथा वाचली होती, देव जाणे.

'फक्त हिब्रू' हे तर निव्वळ अज्ञान. देशात पाचातला एक माणूस अरब आहे, अरबी बोलणारा. रशियन बोलणारे लाखो. आणि सय्यद काशुआ हा अरब लेखक तर हिब्रूतच लिहितो, तीही हिब्रू भाषकांना टोचेल अशी. आपल्याकडून तिकडे गेलेल्या मराठी ज्यूंचं, बेने इस्रायली मंडळींचं 'मायबोली' हे मराठी नियतकालिक तिथूनच निघालं, हे तरी मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

राहिला भाषा जिवंत करण्याचा मुद्दा. बरं, यात तथ्य आहे, देऊन टाकते. तो 'एक माणूस' म्हणजे एलिएझर बेन-येहुदा; तो १८८१ साली तिथे पोचला आणि घरात पोराशी हिब्रूखेरीज बोलायचं नाही असा हट्ट त्याने चालवला. पण बोलीत नसलेली भाषा म्हणजे मेलेली भाषा नव्हे. अब्राहम मापूची हिब्रू कादंबरी १८५३ची आहे, म्हणजे बेन-येहुदाच्या जन्माआधीची. घराघरात बोलली जाण्याआधी त्या भाषेत लोक कादंबऱ्या लिहीत होते.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले आणि त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

मावशी, अंकाची मुदत शनिवारपर्यंत आहे. सुभेदाराला तीनदा उठू दे.